फुजिवारा नो तेइका: कवी, संपादक की नकलनवीस?

सांजवारा (धागाकर्ता)

मराठीत हायकू एवढा रुळलाय की जपानी कवितेचा विषय निघाला की गाडी थेट बाशोवर जाते. त्याच्या साडेचारशे वर्षं आधी क्योतोच्या दरबारात फुजिवारा नो तेइका (११६२–१२४१) नावाचा एक माणूस होऊन गेला. तब्येतीने कायम बेजार, बढतीसाठी सदा कुरकुरणारा, आणि कवितेच्या बाबतीत कुणाचंही न ऐकणारा. खुद्द सम्राटाचंही नाही. आज जुनी जपानी कविता म्हणून जे वाचलं जातं, त्यातलं बरंच त्याने निवडलेलं, त्याने लावलेलं किंवा त्याच्या हाताने नकललेलं आहे.

माझं मत आधीच सांगून टाकतो, म्हणजे भांडायला बरं. तेइका कवी म्हणून मोठा आहेच. पण त्याहून मोठा आहे तो निवडणारा, कापणारा आणि नकलून ठेवणारा म्हणून.

आधी माणूस बघू. वडील शुन्झेई (१११४–१२०४); कवितेच्या वादात त्यांचा शब्द प्रमाण मानत. ११८८ साली पुरा झालेला ‘सेन्झाइशू’ हा शाही (सम्राटाच्या हुकमाने केलेला) संग्रह त्यांनीच सिद्ध केला. आडनावाने फुजिवारा, पण शाखा दुय्यम; मोठ्या पदांची आशा बेताची. कविता हीच घराण्याची मिरास, आणि ती टिकवणं हाच धंदा.

११८५ च्या अकराव्या महिन्यात राजवाड्यातल्या उत्सवात मिनामोतो नो मासायुकी या तरुण दरबाऱ्याने टोमणे मारले. तेइकाने हातातला काकडा त्याच्या तोंडावर हाणला. दरबारच्या हजेरीपटावरून नाव कटलं. पुढच्या वर्षी वडिलांनी रदबदली केली ती कवितेतून: ढगांच्या वाटेवर चुकलेला सारस, वर्षही सरलं, आता वसंतातल्या धुक्यानेही त्याची वाट अडवावी का? नाव परत लागलं.

हा सारस पुढे कामी आला. १२०० साली निवृत्त सम्राट गो-तोबाने निवडक कवींकडून शंभर-शंभर कविता मागवल्या. विरोधी रोकुजो घराण्याच्या कारवायांमुळे तेइकाचं नाव यादीत नव्हतं. वडिलांनी सविस्तर अर्ज केला, मग ते घातलं गेलं. शंभर कवितांची वाटणी ठरलेली होती: वसंत २०, ग्रीष्म १५, शरद २०, हेमंत १५, प्रेम १०, आणि प्रवास, डोंगरातलं घर, पक्षी, शुभेच्छा प्रत्येकी ५. ‘पक्षी’ विभागात तेइकाने वडिलांचा सारस परत आणला: तुमच्या राज्यात ज्याने धुकं कापलं, त्याने पुन्हा पाणथळीच्या काठीच रडत बसावं का? अर्जच तो, पण विषयात बसवलेला. गो-तोबाच्या दरबारात उठबस करायची परवानगी त्यावर मिळाली. वय एकोणचाळीस.

पाणपोई

वा, बरा विषय काढलात. जीवनपट तुम्ही दिलात, मी कारागिरीचं लिहितो, कारण तेइका तिथे कळतो. त्याचं मुख्य हत्यार ‘होंकादोरी’: जुन्या कवितेतला तुकडा उचलून नवी कविता बांधणं. याचे नियम त्याने दोन छोट्या पुस्तिकांत लिहून ठेवले. एक १२०९ साली कामाकुरा इथल्या योद्धा-सरकारचा तरुण शोगुन मिनामोतो नो सानेतोमो याला पाठवलेली ‘किंदाइ शूका’, दुसरी त्यानंतरची ‘एइगा नो ताइगाइ’.

वाका म्हणजे पाच ओळी, ५-७-५-७-७. नियम असे:

जुन्या कवितेच्या पाचपैकी तीन ओळी घेतल्या तर नव्यात नवं काही उरत नाही. दोन ओळी आणि वर तीन-चार अक्षरं, इथवर चालेल. विषय बदला: ऋतूची कविता असेल तर प्रेमाकडे न्या, प्रेमाची असेल तर ऋतूकडे. फूल घेऊन फुलावरच लिहिलं तर फसलात. गेल्या सत्तर-ऐंशी वर्षांतल्या कवीचं काहीही उचलू नका, एक ओळसुद्धा नाही. शब्द पहिल्या तीन शाही संग्रहांतले हवेत, भावना मात्र कुणी न सांगितलेली.

शिवाय कुठली ओळ सार्वजनिक आणि कुठली कुणाच्या मालकीची, हेही सांगितलंय. ‘होतोतोगिसु नाकु या सात्सुकि’ (छोटा कोकीळ गातो तो पाचवा महिना) कितीही वेळा वापरा. जुना कवी नारिहिरा याचं ‘त्सुकि या आरानु’ (हा चंद्र तोच नव्हे का) हात लावायचा नाही, ती ओळ उच्चारली की नारिहिराच उभा राहतो.

आता प्रत्यक्ष. ‘मान्योशू’ या सर्वांत जुन्या जपानी काव्यसंग्रहात नागा नो ओकिमारोची कविता आहे: काय त्रास, पाऊस आला, मिवाच्या टोकाशी सानोच्या उतारावर (पाणी ओलांडायच्या जागी) एक घरही नाही. तेइका:

कोमा तोमेते
सोदे उचिहाराउ
कागे मो नाशि
सानो नो वातारि नो
युकि नो यूगुरे

घोडा थांबवून बाह्या झटकाव्यात असा आडोसाही नाही. सानोच्या उतारावर बर्फातली संध्याकाळ.

मोजून पाहा. शब्दशः घेतलं ते फक्त ‘सानो नो वातारि’, म्हणजे एक ओळही पुरती नाही. ‘घर नाही’चं ‘आडोसा नाही’ झालं. पावसाचा बर्फ झाला. ‘काय त्रास’ ही तक्रार अजिबात काढून टाकली, आणि कविता तिथे बदलली. जुन्या कवितेतला माणूस भिजतोय आणि चिडलाय. इथे माणूस नाहीच दिसत, फक्त तो जे करू शकला नाही ती हालचाल दिसते.

खडूस_खडू

थोडक्यात, चोरी कशी पचवावी याचे नियम. :)

तीन संग्रहांतलेच शब्द वापरायचे म्हणजे दहाव्या-अकराव्या शतकात थांबलेली भाषा. तेराव्या शतकात बसून. मला हे बंदिस्त वाटतं. सैग्यो भिक्षू त्याच काळात हिंडत होता, जे दिसलं ते लिहीत होता.

पाणपोई

@खडूस_खडू, चोर ओळख पुसतो. इथे वाचकाला मूळ कविता आठवलीच पाहिजे, नाहीतर निम्मी कविता वायाच. म्हणूनच अलीकडच्या कवींना मज्जाव: त्यांची ओळ सगळ्यांच्या तोंडी झालेली नसते, उचलली तर ती खरंच चोरी ठरते.

आणि सैग्योला एवढं वेगळं काढू नका. ‘मिवातासेबा’ ही तेइकाची गाजलेली कविता (नजर टाकावी तर ना फुलं ना लाल पानं, किनाऱ्यावरच्या गवती झोपडीची शरदातली संध्याकाळ) ११८६ ची आहे आणि सैग्योनेच मागवलेल्या शंभरीत लिहिलेली आहे. ‘शिनकोकिन्शू’ या शाही संग्रहात जाकुरेन, सैग्यो, तेइका अशा तीन शरदसंध्या लागोपाठ लावल्यात, ३६१ ते ३६३.

तरुणपणी त्याच्या कवितेला लोक ‘दारुमा-उता’ म्हणून हिणवत. दारुमा म्हणजे आपला बोधिधर्म. झेनवाल्यांच्या बोलण्यासारखी, डोक्यावरून जाणारी कविता, असा टोमणा. बंदिस्त म्हणून नव्हे, अगम्य म्हणून शिव्या खाल्ल्या आहेत त्याने.

मीठमिरची

९७ क्रमांकाच्या कवितेवर कुणी लिहिलं नाही अजून? ‘हयाकुनिन इश्शु’ (शंभर कवींची एकेक कविता) या निवडीत त्याची स्वतःची म्हणून हीच येते:

कोनु हितो वो
मात्सुहो नो उरा नो
यूनागि नि
याकु या मोशिओ नो
मि मो कोगारेत्सुत्सु

न येणाऱ्या माणसाची वाट पाहते मी. मात्सुहोच्या किनाऱ्यावर, वारा पडलेल्या संध्याकाळी, जळतं शेवाळमीठ, तशी मीही करपत जाते.

शेवाळमीठ म्हणजे काय ते कळल्याशिवाय ही कविता उघडत नाही. समुद्रशेवाळ पसरायचं, त्यावर खारं पाणी टाकायचं, वाळू द्यायचं, पुन्हा टाकायचं. पानांवर मीठ साचतं. मग ते शेवाळ समुद्राच्याच पाण्यात धुऊन, किंवा जाळून राख पाण्यात कालवून, दाट खारवणी करायची आणि भांड्यात आटवायची. नुसतं समुद्राचं पाणी आटवायला बसलं तर लाकूड संपतं, मीठ होत नाही. म्हणून हा खटाटोप. काम मंद, धुराचं, तासन्‌तास चालणारं. आणि संध्याकाळी खारे वारे थांबले की धूर हलत नाही, तिथेच उभा राहतो. तिसरी ओळ त्यासाठी आहे.

जोडकाम बघा. ‘मात्सु’ म्हणजे वाट पाहणं, आणि तेच मात्सुहो या गावाच्या नावाचं तोंड. मात्सुहो आवाजी बेटाच्या उत्तर टोकाला. ‘याकु’ (जाळणं), ‘मोशिओ’, ‘कोगारे’ (करपणं, झुरणंही) एकाच चुलीभोवतीचे शब्द. मूळ आधार ‘मान्योशू’च्या सहाव्या खंडातली कासा नो कानामुराची दीर्घ कविता, इ. स. ७२६ ची. तिच्यात पलीकडच्या किनाऱ्यावरचा पुरुष म्हणतो की मात्सुहोला सकाळी शेवाळ कापणाऱ्या आणि संध्याकाळी मीठ जाळणाऱ्या कोळिणी आहेत म्हणे, पण माझ्याकडे होडी नाही, जाऊ कसा? तेइकाने कॅमेरा नव्हे, माणूसच बदलला. त्या कोळिणींतली एक बोलू लागली. पुरुष पाचशे वर्षं झाली तरी आलेला नाही.

१२१६ च्या दरबारी स्पर्धेत ही कविता सादर झाली तेव्हा तेइका पंचावन्नचा होता.

अवांतर: मराठीत तांका लिहू बघणारे ५-७-५-७-७ ही अक्षरं मोजतात, म्हणून मूळ वाचताना हिशेब चुकतो. ‘यूनागि नि’ चार अक्षरं दिसतात, पण ‘यू’ दीर्घ, त्याच्या दोन मात्रा, म्हणून पाच. आपल्या मात्रागणाच्या जवळचं आहे ते. शब्दाच्या शेवटचा ‘न्’ सुद्धा एक मोजतात.

वळचण

वाचनखूण साठवली. @मीठमिरची, प्रतिसाद फार आवडला.

स्पर्धांचा विषय निघालाच आहे तर उता-आवासेची रीत सांगते. डावा पक्ष, उजवा पक्ष. विषय दिलेला. प्रत्येक फेरीत दोन्हीकडून एकेक कविता वाचली जाते, निकाल तीनच: जिंकली, हरली, बरोबरी. पहिल्या फेरीत डाव्या बाजूची कविता हरवायची नाही असा संकेत, कारण ती बहुधा मानकऱ्याची असते. हरण्याची कारणं ठरलेली असत: तोच शब्द दोनदा येणं, जुन्या संग्रहात आधार नसलेला शब्द, अशुभ ध्वनी. आणि सर्वांत वाईट, विषय सुटणं. जोडविषय असेल, समजा ‘प्रवासातलं प्रेम’, तर दोन्ही अंगं कवितेत हवीत. प्रवास नुसता पार्श्वभूमीला राहिला की हरलात.

११९३ ची ‘सहाशे फेऱ्यांची’ स्पर्धा बघा. यजमान कुजो योशित्सुने, बारा कवी, शंभर विषय, म्हणजे १२०० कविता, ६०० फेऱ्या. पंच शुन्झेई. समोरासमोरचे आक्षेप लिहून ठेवलेत आणि पंचाचा निवाडाही. ‘वाळलेलं माळरान’ या विषयावरच्या योशित्सुनेच्या कवितेतला ‘कुसा नो हारा’ (गवताळ माळ) हा शब्द उजव्या बाजूला खटकला. शुन्झेई कडाडले: हा ‘गेंजी’तला (मुरासाकी शिकिबूच्या जुन्या कादंबरीतला) शब्द आहे, गेंजी न वाचलेला कवी ही मोठी खेदाची गोष्ट. एका निवाड्याने कादंबरी कवींच्या अभ्यासक्रमात आली! तेइकाने पुढे गेंजीची प्रत तयार केली त्याचं मूळ घरातच होतं.

पुढे गो-तोबाने आकडा फुगवला. १२०१ पासून तीस कवी, ३००० कविता, १५०० फेऱ्या, दहा पंच. एवढं एका पंचाच्या आवाक्यातलं नव्हतंच.

दक्षिणद्वार

आता थोडं गो-तोबाच्या बाजूने बोलू द्या. तेइकाभक्तांच्या धाग्यात तो नेहमी खलनायक होतो.

१२०१ च्या सातव्या महिन्यात त्याने काव्यकचेरी (वाकादोकोरो) पुन्हा उभी केली आणि अकराव्या महिन्यात ‘शिनकोकिन्शू’ या संग्रहाचा हुकूम दिला. संपादक सहा: मिचितोमो, आरिइए, तेइका, इएताका, मासात्सुने, जाकुरेन. जाकुरेन पुढच्याच वर्षी वारला. १२०३ मध्ये प्रत्येकाने आपापली निवड दिली, मग गो-तोबाने स्वतः चाळली. सुमारे दोन हजार कविता त्याला तोंडपाठ झाल्या होत्या म्हणतात. मग विषयवार लावणी. आणि १२०५ च्या तिसऱ्या महिन्यात समारोपाची मेजवानी. घाई का? कारण पहिला शाही संग्रह ‘कोकिन्शू’ ९०५ चा. बरोबर तीनशे वर्षं, साठ वर्षांच्या चक्रातलं तेच नावाचं वर्ष. मुहूर्त चुकवायचा नव्हता.

तेइका मेजवानीला गेलाच नाही. आक्षेप असा की शाही संग्रहाला मेजवानीचा पायंडा नाही, आणि काना या जपानी लिपीतली प्रस्तावनाही अजून तयार नाही. तांत्रिकदृष्ट्या बरोबर. पण मालकाच्या घरचं कार्य आहे आणि हा पायंडा काढून बसलाय.

त्यानंतर सुरू झाली ‘किरित्सुगि’: कापा आणि जोडा. संग्रह वीस खंडांचा, गुंडाळ्यांवर. कविता काढायची तर कागद सुरीने कापून दोन टोकं खळीने चिकटवायची, घालायची तर मध्ये पट्टी जोडायची. सुरीपेक्षा अवघड होता तो क्रम. ‘शिनकोकिन्शू’त वसंताच्या कविता पहिल्या धुक्यापासून शेवटच्या पाकळीपर्यंत दिवसादिवसाने सरकतात, आणि शेजारच्या दोन कविता एखाद्या शब्दाने किंवा चित्राने बांधलेल्या असतात. एक काढली की दोन अनाथ होतात. मग शेजारचीही हलवावी लागते. हे काम कित्येक वर्षं चाललं, अखेरीस सुमारे १९८० कविता राहिल्या. तेइका रोजनिशीत करवादतो, पण कापायला रोज जातो. गो-तोबाचं समाधान त्यानेही झालं नाही; ओकी बेटावर हद्दपारीत बसून त्याने त्यातल्या चारशेच्या आसपास आणखी उडवल्या. तेव्हा @सांजवारा, संपादक म्हणाल तर तो सम्राटही काही कमी नव्हता.

दोघांचं खरं भांडण एका चेरीच्या झाडाखाली कळतं. १२०३ च्या वसंतात, वर्षानुवर्षं राजरक्षक दलातच अडकलेला तेइका राजवाड्यातल्या डाव्या चेरीखाली लिहितो: इतकी वर्षं राजाच्या फेऱ्या पाहणाऱ्या या फुलांची सावली, म्हातारा होत चाललेल्या माझीही तिला कीव येत असेल का? ‘मियुकि’ म्हणजे राजाची फेरी आणि दाट बर्फही, ‘फुरु’ म्हणजे पडणं आणि जुनं होणंही. गो-तोबा म्हणतो, ही तुझी सर्वोत्तम कवितांतली, संग्रहात हवीच. तेइका म्हणतो, नको, साधारण आहे. गो-तोबाने नंतर लिहून ठेवलं की या माणसाला स्वतःच्या मतापुढे हरिणाला घोडा म्हणायलाही कमी वाटत नाही, प्रसंग आणि जागा यांचं त्याला काहीच नाही. संग्रहात ती कविता आहे. मला गो-तोबाचं पटतं.

सांजवारा (धागाकर्ता)

@दक्षिणद्वार, प्रतिवाद दमदार. पण तेइकाचा मुद्दा तुम्ही थोडा झाकलात. त्याला कविता प्रसंगापासून सोडवून, कागदावर एकटी उभी करून जोखायची होती. चेरीखाली कोण उभं होतं हे माहीत नसेल तर उरतं काय, असा त्याचा प्रश्न. आठशे वर्षांनी आपण त्याच अवस्थेत वाचतोय.

१२२० ची गोष्ट पुरी करतो. सम्राट जुंतोकूच्या मैफिलीचं बोलावणं आलं. त्या दिवशी आईचं श्राद्ध होतं, म्हणून तेइकाने नकार दिला. पुन्हा पुन्हा निरोप आले तेव्हा दोन कविता पाठवल्या. एकीत वाटेकडेच्या माळावरचा विलो आतल्या आत धुमसतो, दुःखाच्या धुराशी चढाओढ करत. गो-तोबा भडकला, तेइकाला मैफिली बंद. पुढच्या वर्षी गो-तोबाने कामाकुराविरुद्ध युद्ध पुकारलं, हरला, ओकीला गेला आणि १२३९ साली तिथेच वारला. घरी बसवलेला तेइका त्यामुळे सुखरूप राहिला. १२३२ मध्ये तो गोन-चूनागोन या पदापर्यंत चढला, जे तरुणपणी स्वप्नातही नव्हतं.

जुनाबाजार

माझा विषय हस्तलिखितं, तेव्हा तिकडे वळतो. उतारवयात तेइकाने काय काय नकललं ते पाहिलं तर थक्क व्हायला होतं. ‘कोकिन्शू’ची प्रत डझनाहून अधिक वेळा, त्यांतल्या १२२३ आणि १२२६ च्या प्रती पुढे सगळ्यांच्या आधार झाल्या. ‘गेंजी’ची घरची प्रत चोरीला गेली होती, म्हणून १२२५ साली घरातल्या बायकांना बसवून चोपन्नही प्रकरणं नव्याने उतरवून घेतली. निळ्या मुखपृष्ठावरून या परंपरेला ‘आओब्योशि’ म्हणतात. त्या मूळ संचातली चारच प्रकरणं ठाऊक होती. २०१९ मध्ये ‘वाकामुरासाकी’ हे पाचवं सापडलं.

पण नमुना म्हणून ‘तोसा निक्की’ ही दहाव्या शतकातली रोजनिशी घ्या. १२३५, पाचवा महिना. रेंगेओइन या देवळाच्या भांडारात तेइकाला तिचा लेखक कि नो त्सुरायुकी याची स्वहस्तातली मूळ प्रत हाती लागली, तीनशे वर्षं जुनी. वय चौऱ्याहत्तर, डोळे गेल्यात जमा. दोन दिवसांत सगळी उतरवली. शेवटी मूळ प्रतीचं वर्णन दिलं: पांढरा कागद, रेघा नाहीत, उंची १ शाकु १ सुन ३ बु (साधारण ३४ सें.मी.), २६ ताव, गुंडाळीला दांडा नाही. आणि त्सुरायुकीचं अक्षर कसं होतं ते दिसावं म्हणून शेवटचा भाग हुबेहूब वळणात काढून ठेवला. आजचा ग्रंथपाल याहून वेगळी नोंद करणार नाही.

आता गंमत. पुढच्या वर्षी मुलगा तामेइए याने तीच मूळ प्रत अक्षरन् अक्षर उतरवली. दोन्ही ताडून पाहिल्या तर पहिल्याच वाक्यात बापाने हात मारलेला दिसतो. ‘पुरुष लिहितात म्हणे ती रोजनिशी’ यातलं ‘सु नारु’ तेइकाने ‘सु तो इउ’ केलं, आणि ‘शिते मिमु’ (करून पाहू) चं ‘शिते कोकोरोमिमु’. अर्थ तोच, वाचायला सोपं. शुद्धलेखनही आपल्या पद्धतीने बदललं. त्सुरायुकीचं मूळ लेखन हवं असेल तर अभ्यासक मुलाच्या प्रतीकडे जातात. मूळ गुंडाळी पुढे नाहीशी झाली.

म्हणजे ‘नकलून ठेवणारा’ हे सांजवारांचं विशेषण अर्धंच. त्याच्याच्याने नुसती नक्कल होतच नसे.

वेलांटी

@जुनाबाजार, त्या ‘आपल्या पद्धती’बद्दल. तेराव्या शतकापर्यंत ‘ओ’ आणि ‘वो’, ‘इ-हि-वि’, ‘ए-हे-वे’ यांचे उच्चार बरेचसे मिसळले होते, लिहिणारे मनाला येईल ते अक्षर टाकत. जुना मजकूर नकलताना यातून अर्थाचा घोळ होई. तेइकाने ‘गेकान्शू’ या टिपणात शब्दवार यादी दिली. इ आणि ए च्या गटांत जुन्या हस्तलिखितांचा आधार. पण ‘ओ/वो’साठी त्याने बोलण्यातला स्वर धरला: चढा स्वर असेल तर ‘वो’चं अक्षर, उतरता असेल तर ‘ओ’चं. ही गोम विसाव्या शतकात भाषाशास्त्रज्ञ ओनो सुसुमु यांनी उलगडली.

आणि म्हणूनच ती पद्धत मोडली. शे-दीडशे वर्षांत बोलीतले स्वरच बदलले. चौदाव्या शतकात ग्योआने यादी हजारावर शब्दांपर्यंत वाढवली, पण नियम कानाला जुळेना. लोक पाठांतरावर गेले. १६९५ ला केइचूने ‘वाजि शोरान्शो’ छापून दाखवून दिलं की दहाव्या शतकाच्या आधीचं लेखन वेगळंच होतं.

त्याच टिपणातली आणखी एक सूचना नकलनवीसांनी भिंतीवर लावावी अशी: कुंचला न उचलता अक्षरं जोडताना एका शब्दाचं शेपूट पुढच्या शब्दाच्या डोक्याला जोडू नका. जोड शब्दाच्या आतच. काना लिपीत शब्दांमध्ये जागा सोडत नाहीत, त्यामुळे चुकीच्या जोडाने वाचक वेगळाच शब्द वाचतो.

मृगनक्षत्र

आकाशवाल्यांसाठी. तेइकाची रोजनिशी ‘मेइगेत्सुकी’ (११८० ते १२३५ च्या नोंदी उरल्यात, चिनी लिपीत, काही भाग जुन्या पत्रांच्या पाठकोऱ्यावर) खगोलशास्त्रात वेगळ्याच कारणाने ओळखली जाते. १२३० च्या अकराव्या महिन्यात आकाशात ‘पाहुणा तारा’ दिसला. तो खरं तर धूमकेतू होता. अपशकुन म्हणून तेइकाने आबे नो यासुतोशि या ज्योतिषाधिकाऱ्याकडे जुने दाखले मागितले, आणि आलेली यादी रोजनिशीत ठेवली. तीत १००६, १०५४ आणि ११८१ असे तीन खरे अतिनवतारे (सुपरनोव्हा) आहेत.

१०५४ ची नोंद: उत्तररात्री, मृगाच्या अंशांत पूर्वेला, तेनकान ताऱ्याजवळ, आकार गुरूएवढा. तेनकान म्हणजे वृषभेतला झीटा. तिथे आज त्या स्फोटाचा अवशेष, खेकडा तेजोमेघ, आहे. नोंदीत महिना चौथा लिहिलाय, त्यात बहुधा चूक आहे. चौथ्या महिन्याच्या मध्याला वृषभ सूर्याच्या एवढी जवळ असते की काही दिसणं कठीण, आणि चिनी नोंद ४ जुलैची, म्हणजे पाचव्या महिन्याशी जुळते. १९३४ मध्ये इबा यासुआकी या हौशी निरीक्षकाने ही नोंद पाश्चात्त्यांसमोर आणली. ‘तेइकाने १०५४ चा अतिनवतारा पाहिला’ असं जिथे तिथे फिरतं ते चूक आहे. १०५४ ला त्याचा बापही जन्मला नव्हता.

खडूस_खडू

हे आवडलं. रोजनिशीतला माणूस कवितेतल्यापेक्षा बरा दिसतोय. त्याच १२३० च्या दुष्काळात त्याने घरची बाग खणून तिथे गहू-सातू पेरायला लावल्याची नोंद आहे. फुलांवर शेकड्याने कविता लिहिणारा माणूस!

‘हयाकुनिन इश्शु’ त्याचीच ना पण? तिथेही हल्ली शंका काढतात.

जुनाबाजार

रोजनिशीत एवढंच आहे: १२३५ चा पाचवा महिना, सत्तावीस तारीख. तामेइएचा सासरा उत्सुनोमिया योरित्सुना (संन्यासानंतर रेंशो) याने सागा इथल्या घराच्या सरकदारांसाठी कवितांचे चौकोनी कागद लिहून मागितले. तेइकाने सम्राट तेंजीपासून इएताका-मासात्सुनेपर्यंत एकेक कविता लिहून दिली. गो-तोबा आणि जुंतोकू यांचा उल्लेख नाही. आजच्या शंभरात मात्र ९९ आणि १०० वर तेच दोघे.

१९५१ मध्ये ‘हयाकुनिन शूका’ ही १०१ कवितांची जवळजवळ तशीच निवड उजेडात आली, तिच्यात दोघेही नाहीत. कामाकुराच्या एका बड्या गोकेनिनच्या (शोगुनच्या मांडलिक योद्ध्याच्या) घरात, कामाकुरानेच हद्दपार केलेल्या दोन सम्राटांच्या कविता दारावर लावणं कुणाला परवडलं असतं? त्यामुळे दारावरची निवड शूकासारखी होती हे बहुतेकांना मान्य. शेवटचा फेरफार तेइकाने स्वतः नंतर केला, की तामेइएने, की त्याहून नंतर कुणी, यावर वाद आहे. मला नंतरचा हात जास्त संभवतो.

याला जोडून ‘शिनचोकुसेन्शू’ बघा, तेइकाने एकट्याने केलेला शाही संग्रह. हुकूम १२३२ चा, सम्राट गो-होरिकावाचा. १२३४ ला तो वारल्यावर तेइकाने कच्चा खर्डा अंगणात जाळला. आधी सादर केलेली प्रत मंत्री कुजो मिचिइए याने शोधून काढली, आणि कामाकुराच्या धास्तीने त्याने हद्दपार सम्राटांच्या शंभरेक कविता काढायला लावल्या. तेइकाने काढल्या. उरल्या सुमारे १३७०. योद्ध्यांच्या इतक्या की लोक त्याला ‘उजिगावा संग्रह’ म्हणू लागले. उजि नदी म्हणजे योद्ध्यांच्या लढाया, हा त्यातला टोला.

वळचण

@सांजवारा, मग तुमच्या सिद्धांताचं काय? स्वतःच्या चेरीच्या कवितेसाठी सम्राटाशी भांडणारा संपादक मंत्र्यासमोर शंभर कविता मुकाट्याने कापतो.

सांजवारा (धागाकर्ता)

कापल्या, हे खरंच. तेव्हा तो त्र्याहत्तर वर्षांचा संन्यासी होता (१२३३ ला ‘म्योजो’ नाव घेऊन दीक्षा), मुलगा नोकरीत, नातवंडं पुढे यायची. घराणं आधी. ते टिकलंही: तामेइएनंतर निजो, क्योगोकु, रेइझेई अशा तीन पाती झाल्या, जमीन आणि हस्तलिखितं यावरून कज्जे झाले, आणि शेवटी रेइझेई तेवढी उरली. क्योतोत राजवाड्याच्या बागेच्या उत्तरेला त्यांचं १७९० चं घर आणि आतलं ग्रंथभांडार आजही आहे. १९८१ पासून विश्वस्त संस्था सांभाळते. तेइकाच्या हातची ‘मेइगेत्सुकी’ आणि त्याचा स्वतःचा संग्रह ‘शूइ गुसो’ तिथेच आहेत.

@जुनाबाजार, एक विचारायचं होतं. लिलावांत ‘तेइकाचं हस्ताक्षर’ म्हणून जे तुकडे येतात ते ओळखायचे कसे?

जुनाबाजार

नुसत्या अक्षरावरून नाही. त्याचं वळण बुटकं, जाड-बारीक रेघांचं, अक्षरं बरीचशी सुटी. झपाट्याने नकलायला आणि वाचायला सोयीचं. त्याला स्वतःला ते भुतासारखं वाटे. पण १५५५ मध्ये ताकेनो जोओने चहाच्या बैठकीत त्याच्या हातचा मानला जाणारा ‘ओगुरा’ कागद (सरकदारांसाठीच्या त्या चौकोनी कागदांपैकी एक) टांगला आणि भाव चढले. पुढे कोबोरि एन्शूसारख्या चहागुरूंनी हे वळणच गिरवलं. हुबेहूब लिहिणारे डझनांनी झाले. घरातही मदतनीस त्याच वळणात लिहीत.

म्हणून आधी वेलांटींनी सांगितलेले ‘ओ/वो’ तपासा, गिरवणाऱ्याला आकार येतो पण स्वरांचा नियम येत नाही. मग जोड शब्दाच्या आत आहेत का ते पाहा. मग कागद. आणि पाठकोऱ्यावर जुनं पत्र असेल तर आधी ते वाचा, बनावट करणारा मागची बाजू सहसा कोरी ठेवतो.